विश्लेषण : अल्झायमरमध्ये नुसती गोळी पुरेशी का नाही?

डेअरीचा हिशेब आयुष्यभर तोंडपाठ असलेले आजोबा एकच प्रश्न दिवसातून चारदा विचारू लागतात. सातारा-सांगलीकडच्या अनेक घरांत याला ‘वय झालं’ म्हणतात, नाहीतर ‘म्हातारचळ’. डॉक्टरांकडे नेले तर गोळी मिळते आणि बऱ्याचदा उपचार तिथेच थांबतात. सुरुवातीच्या अल्झायमरमध्ये मात्र तीन गोष्टी लागतात : औषध, मेंदूला सराव आणि सांभाळणाऱ्याला आधार. यातली एक दुसरीची जागा घेऊ शकत नाही.

प्रश्न किती मोठा?

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासाच्या अंदाजानुसार भारतात ६० वर्षांवरील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त आढळले. अल्झायमर हे स्मृतिभ्रंशाचे सर्वांत मोठे कारण आहे.

जावळी-पाटणची माणसे माथाडी कामासाठी मुंबईत, विटा-खानापूरची गलाई व्यवसायानिमित्त देशभर. गावाकडच्या घरात अनेकदा म्हातारा-म्हातारीच उरतात किंवा सोबत एखादी सून. आजाराचा सगळा भार तिथे एकाच माणसावर पडतो.

औषध काय करते?

डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन यांसारखी औषधे मेंदूतील संदेश पोचवणाऱ्या एका रसायनाचे प्रमाण टिकवतात. त्यामुळे काही रुग्णांची लक्षणे काही काळ आटोक्यात राहतात, आजार मात्र थांबत नाही. मळमळ, जुलाब, नाडी मंदावणे असे त्रास होऊ शकतात, म्हणून डोस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वाढवतात. विसरण्यामागे बी-१२ ची कमतरता, थायरॉइड किंवा नैराश्यही असू शकते. त्यामुळे आधी तपासणी आवश्यक.

सराव म्हणजे शब्दकोडी?

नाही. रुग्णाला रोज लागणारे एखादे काम निवडून ते पुन्हा जमवणे, हा बौद्धिक पुनर्वसनाचा गाभा आहे. उदाहरणार्थ, मुलाला स्वतः फोन लावणे किंवा रक्तदाबाची गोळी वेळेवर घेणे. त्यासाठी वस्तूंची जागा ठरवणे, मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावणे, टप्प्याटप्प्याने सराव करणे अशा युक्त्या वापरतात. ब्रिटनमध्ये ४७५ रुग्णांवर झालेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशी निवडलेली कामे रुग्णांना अधिक चांगली जमू लागली.

दोन्ही एकत्र केले तर?

इटलीत २००५ च्या एका अभ्यासात औषध घेणाऱ्या १५६ रुग्णांपैकी काहींच्या घरच्यांना सराव घेण्याचे प्रशिक्षण दिले. आठवड्यातून तीनदा, अर्धा तास, २५ आठवडे. सराव मिळालेल्यांची बुद्धीच्या चाचणीतील पातळी टिकून राहिली, नुसते औषध घेणाऱ्यांची घसरली. मात्र वागण्यातील बदल आणि रोजची कामे यांत फरक पडला नाही. रात्रीची जागरणे, चिडचिड, ‘माझे पैसे चोरले’ असा संशय यांनीच सांभाळणारी व्यक्ती खचते. म्हणून तिसरा आधार वेगळा द्यावा लागतो.

तो आधार कसा देता येतो?

उत्तर शेजारच्या गोव्यात सापडते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेथील चाचणीत ८१ कुटुंबे होती. थोडे प्रशिक्षण घेतलेले स्थानिक सल्लागार सहा महिने घरोघरी गेले. आजार समजावणे, अवघड वागणे कसे हाताळावे ते सांगणे, सरकारी योजनांची माहिती देणे, गरजेला डॉक्टरांशी गाठ घालून देणे, हे त्यांचे काम. त्यांच्या मागे मानसोपचारतज्ज्ञ होते. सहा महिन्यांत सांभाळणाऱ्यांचा मानसिक ताण लक्षणीय घटला.

सातारा-सांगलीत काय करता येईल?

तपासणीसाठी मिरज आणि साताऱ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. गोव्यासारख्या गृहभेटींना महागडी यंत्रे लागत नाहीत, प्रशिक्षित माणसे लागतात. मात्र आधीच कामाने वाकलेल्या आशाताईंवर हे फुकट लादून चालणार नाही. वेगळे मानधन आणि तज्ज्ञांचे पाठबळ हवे.

तोवर कुटुंबांना टेली-मानस (१४४१६) आणि ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन (१४५६७) या मोफत सेवांची मदत घेता येते. पुण्या-मुंबईतल्या मुलांनी पैसे पाठवण्याबरोबर वर्षातून काही आठवडे सांभाळण्याची पाळी स्वतः घेतली, तर गावाकडच्या आईला किंवा वहिनीला तेवढी उसंत मिळेल. तीही उपचाराचाच भाग आहे.