माशीचे बारसे

मूल जन्मले की बाराव्या दिवशी बारसे. आत्याने कानात नाव सांगितले, घुगऱ्या वाटल्या की काम झाले. किड्यामाकोड्यांच्या जगातही बारसे होते. तेथे आत्याची भूमिका शास्त्रज्ञाला करावी लागते आणि बारा दिवसांऐवजी काही वर्षे जातात. इतके करून नाव चुकले, तर ते चारचौघांत मागेही घ्यावे लागते. अशाच एका माशीची ही हकीकत. माशी घरमाशीएवढी, पण तिच्या नावात अनेक देशांच्या फळबागायतदारांचा पैसा अडकला होता.

२००३ साली केनियात फळमाश्यांची नेहमीची पाहणी चालू होती. नैरोबीच्या कीटक संशोधन केंद्रातील मंडळींना किनारपट्टीकडच्या सापळ्यांत एक अनोळखी माशी मिळाली. पारदर्शक पंख, पाठीवर दोन पिवळे पट्टे, पोटावर इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखी काळी खूण. आफ्रिकेत फळमाश्यांना तोटा नाही, पण हिची ठेवण सरळ सरळ आशियाई होती. पाहता पाहता दोन-तीन वर्षांत ती पूर्व आफ्रिकेतून पश्चिम आफ्रिकेपर्यंत पोहोचली.

फळमाशीचा उपद्रव आपल्याला नवा नाही. मादी फळाच्या सालीखाली अंडी घालते. वरून फळ धड दिसते, आत अळ्या गर खात असतात. पोट भरले की अळ्या जमिनीत उतरतात, मातीत कोष करतात आणि काही दिवसांनी नव्या माश्या बाहेर पडतात. आंबा, पेरू, पपई असली शेकडो प्रकारची फळे या माशीला चालतात. केनियातल्या बागायतदाराला तर एकच प्रश्न होता : ही बया कोण आणि हिला आवरायचे कसे?

त्यासाठी आधी ओळख पटायला हवी. ‘नवी जात सापडली’ असे म्हणणे सोपे, सिद्ध करणे कष्टाचे. सापळ्यातल्या माश्या टाचणीला लावून सूक्ष्मदर्शकाखाली धरायच्या. पट्टे किती रुंद, पंखांवरच्या रेषा कशा, पायांचा रंग कोणता, मादीची अंडी घालण्याची नळी किती लांब, हे मोजायचे. मग संग्रहालयांतल्या जुन्या नमुन्यांशी एकेक गोष्ट ताडून पाहायची. कोठेच जुळले नाही तर एक माशी प्रमाण नमुना म्हणून निवडून कायमची जपून ठेवायची. पुढे कोणालाही शंका आली तर निवाडा त्या नमुन्यावरून होतो. शेवटी सविस्तर वर्णन छापायचे आणि नाव द्यायचे. ही दोन शब्दी नावांची पद्धत स्वीडनच्या लिनियसची. प्राण्यांची नावे १७५८ सालच्या त्याच्या ग्रंथापासून मोजतात. घरमाशीचे ‘मस्का डोमेस्टिका’ हे नाव त्यातलेच. एका जातीला चुकून दोन नावे पडली, तर सर्वसाधारणपणे आधी छापलेले नाव राहते, असा नियम आहे.

आफ्रिकेतल्या या माशीचे बारसे २००५ मध्ये ड्रू, त्सुरुता आणि व्हाइट या तिघा तज्ज्ञांनी केले. तशाच माश्या श्रीलंकेतही मिळाल्या होत्या, म्हणजे माहेर तिकडचे. नाव ठेवले ‘बॅक्ट्रोसेरा इन्व्हाडेन्स’. इन्व्हाडेन्स म्हणजे आक्रमण करणारी. हिची एक जवळची नातलग आशियात आधीपासून प्रसिद्ध होती, तिचे नाव ‘बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस’. ऑस्ट्रियाच्या हेन्डेल यांनी १९१२ मध्ये तैवानच्या माश्यांवरून तिचे वर्णन केले होते. डॉर्सॅलिसची पाठ बहुधा काळी, तर नव्या माशीची तांबूस तपकिरीपासून काळ्यापर्यंत कशीही. हा फरक महत्त्वाचा मानून तिला वेगळी जात ठरवले गेले.

येथून पुढे प्रकरण संग्रहालयाबाहेर पडले. फळे आयात करणारा प्रत्येक देश धोकादायक किडींची यादी ठेवतो. त्या यादीत नवे नाव चढले की त्या नावाची माशी असलेल्या देशाच्या मालाला अडसर येतो. ज्या देशात डॉर्सॅलिस आधीच आहे, तोही ‘आमच्याकडे इन्व्हाडेन्स नाही’ असे म्हणून दार लावू शकतो. कागदावर दोन नावे म्हणजे दोन किडी. पण बागेत त्या खरोखर दोन होत्या का?

हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था यांनी मिळून हाती घेतला. माशीच्या भानगडीत अणुऊर्जा कशाला, असे कोणी विचारील. फळमाशी आटोक्यात आणण्याचा एक उपाय असा, की लाखो माश्या प्रयोगशाळेत वाढवायच्या, कोषात असतानाच त्यांना किरणोत्सर्गाने वांझ करायचे आणि ते नर बागांत सोडायचे. रानातल्या माद्या त्यांच्याशी जोड्या जमवतात, अंडी उबत नाहीत, पुढची पिढी घटते. पण रानातली मादी वेगळ्या जातीची असेल आणि ती या नरांना थाराच देत नसेल, तर सारा खर्च पाण्यात! तेव्हा जात एक की दोन, हे ठरल्याशिवाय पाऊल टाकता येत नव्हते.

वीस देशांतले जवळजवळ पन्नास संशोधक कामाला लागले. त्यांनी मोजमापे नव्याने घेतली आणि डीएनए तपासला. नर कोणता गंध सोडतात ते पाहिले. वेगवेगळ्या मुलखांतल्या माश्या एका पिंजऱ्यात सोडल्या. त्यांनी बिनदिक्कत जोड्या जमवल्या आणि त्यांची पिल्लावळही पुढे धडधाकट निघाली. ऑक्टोबर २०१४ मध्ये निकाल जाहीर झाला, २०१५ मध्ये तो रीतसर छापून आला : इन्व्हाडेन्स ही डॉर्सॅलिसच आहे. १९९४ मध्ये वेगळ्या ठरवलेल्या ‘पपाये’ आणि ‘फिलिपिनेन्सिस’ या जातीही तीच. नियमाप्रमाणे १९१२ चे नाव राहिले, बाकीची तीन गळाली. सगळ्यांना एकाच पोत्यात घातले असेही नाही. ‘कॅरांबोले’ नावाची सख्खी शेजारीण तपासात खरोखर वेगळी निघाली आणि तिचे नाव कायम राहिले. काही तज्ज्ञांना हा निकाल पटला नाही, त्यांनी तसे लिहिले आणि त्यांना उत्तरही मिळाले.

मग २००५ चे काम वाया गेले का? मुळीच नाही. त्या वर्णनामुळे माशी आशियातून आली हे कळले आणि तिच्या आशियाई शत्रूंचा शोध सुरू झाला. तिच्या अंड्यांवर वाढणारी एक चिमुकली गांधीलमाशी हवाई बेटांवरून केनियात आणली गेली. शिवाय कोणत्या खुणांवरून माशी वेगळी ठरवली, हे तिघांनी स्पष्ट लिहून ठेवले होते, म्हणून तर इतरांना त्या पुन्हा तपासता आल्या.

आता ही डॉर्सॅलिस म्हणजे आपल्या आंब्या-पेरूंत अळ्या करणारी माशीच. फळमाश्यांचा फटका काय असतो, हे रत्नागिरी-देवगडला सांगायला नको. २०१३ मध्ये भारतातून गेलेल्या फळभाज्यांच्या २०७ खेपांत फळमाश्यांसारख्या किडी आढळल्या, म्हणून युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून आपला आंबा आणि चार भाज्या बंद केल्या. ऐन हंगामात हापूसच्या पेट्या अडल्या. तपासणी आणि प्रक्रिया सुधारल्यावर जानेवारी २०१५ मध्ये आंब्यावरची बंदी उठली.

या माशीवरचा एक उत्तम उपाय मात्र भारतातच सापडला आहे. बिहारमध्ये पुसा येथे हॉवलेट नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. त्यांच्या शेजाऱ्याने डासांसाठी रुमालाला सिट्रोनेला तेल लावले, तर डास राहिले बाजूला आणि फळमाश्याच गोळा झाल्या! हॉवलेट यांनी या गंधांचा पाठपुरावा केला आणि १९१५ मध्ये मिथिल युजेनॉल या द्रव्याकडे नर फळमाश्या धावतात असे दाखवून दिले. आपल्या तुळशीतही हे द्रव्य असते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा याच तत्त्वावर चालतो.

दारात आंबा किंवा पेरू असेल, तर असा एखादा सापळा झाडाला जरूर टांगावा. खाली पडलेली, किडकी फळे तशीच कुजू देऊ नयेत, रोज गोळा करून खोल पुरावीत. अळ्या मातीत उतरण्याआधी एवढे केले, तर पुढच्या बहराला बरीच फळे वाचतील.