वय मोजता, निगा कोण मोजणार?

दिल्लीच्या कोपर्निकस मार्गावर फरीदकोट हाऊस आहे. राष्ट्रीय हरित लवाद तेथे बसतो. ७ एप्रिल २०१५ रोजी या लवादाने राजधानी परिसरात दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्या चालविण्यास मनाई केली. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाच्या अंमलबजावणीस बळ दिले. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने केवळ वयावरून मालकांवर सक्तीची कारवाई नको असे सांगितले आणि डिसेंबरात हे संरक्षण बीएस-४ व त्यापुढील गाड्यांपुरते ठेवले. कॅलेंडरवरून नजर काढून इंजिनाकडे वळवायला दहा वर्षे लागली!

गैरसमज नको. स्वच्छ हवेला आमचा विरोध नाही. डिझेलचा धूर सर्वांत आधी जातो तो शेडमधल्या फिटरच्या, यार्डातल्या शंटरच्या आणि टपाल खात्याच्या मेल मोटर ड्रायव्हरच्या छातीत. जुने इंजिन कितीही जपले तरी ते बीएस-६ होत नाही, हेही आम्ही जाणतो. आमचे भांडण आहे ते एका वृत्तीशी. यंत्राचे आयुष्य कागदावर मोजायचे आणि ज्या कामाने ते आयुष्य वाढते त्या कामाला मात्र वेळ नाकारायचा, अशी ती वृत्ती आहे.

ऑइल प्राइमिंगचेच पाहा. ओव्हरहॉल होऊन जुळवलेले इंजिन आतून कोरडे असते. फिल्टर रिकामा, पाइप रिकामे, गॅलरीत हवा. १९६४ पासून वाराणसीत बनलेल्या डब्ल्यूडीएम-२ च्या सोळा सिलिंडरी इंजिनात तेलाचा पंप इंजिनच फिरवते. म्हणजे इंजिन फिरल्याशिवाय दाब नाही, आणि दाब येईपर्यंत क्रँक फिरतो तो जुळवणीच्या वेळी हाताने लावलेल्या तेलावर. तेवढ्या काही क्षणांत बेअरिंगचा मऊ धातू घासला जातो, टर्बोच्या बेअरिंगला इजा होते.

म्हणून जाणता फिटर आधी सम्प खुणेपर्यंत भरतो, फिल्टर भरतो आणि बाहेरचा पंप गॅलरीला जोडून तेल चढवतो. क्रँककेसची दारे उघडून क्रँक हळूहळू फिरवतो. प्रत्येक मेन बेअरिंगपाशी तेल ठिबकते का, वर रॉकरपर्यंत पोचते का, कोठे गळते का, हे डोळ्यांनी पाहतो. मगच स्टार्ट. सुरू झाल्यावरही नजर दाबाच्या काट्यावर. काटा चढला नाही तर इंजिन ताबडतोब बंद.

या कामाचे दुर्दैव असे की ते तक्त्यावर दिसत नाही. इंजिन सुरू झाले की ‘काम पूर्ण’ असा शेरा पडतो. काम कंत्राटावर दिले असेल तर बिलही तेव्हाच निघते. बेअरिंग मात्र पुढे काही महिन्यांनी, गाडी लाइनवर असताना बोलते. मग चौकशी बसते आणि पहिला प्रश्न येतो, ‘फिटर कोण होता?’ ‘घाई कोणी केली?’ हा प्रश्न कोणी विचारत नाही. माणसे कमी कोणी केली, रिकाम्या जागा का भरल्या नाहीत, हे तर चौकशीच्या कक्षेतच नसते.

हे कामगारांचे लाड आहेत असे ज्यांना वाटते त्यांनी परदेशी यंत्र उघडून पाहावे. १९९५ साली भारतीय रेल्वेने जनरल मोटर्सशी तंत्रज्ञानाचा करार केला. त्यातून आलेल्या इंजिनांत टर्बोला तेल देणारा वेगळा विजेचा पंप आहे. तो इंजिन सुरू होण्याआधी चालतो आणि बंद झाल्यावरही काही वेळ चालत राहतो. नफ्याचा हिशेब चोख ठेवणाऱ्या कंपनीने तो हौसेखातर बसवलेला नाही! आणि तो असला तरी ओव्हरहॉलनंतर बाकीच्या बेअरिंगांना बाहेरच्या पंपाने तेल द्यावेच लागते. यंत्र आयात करताना त्यामागची शिस्त बंदरावरच ठेवून यायची, असा करार कोणी केला होता?

टपाल खात्याच्या मेल मोटर सर्व्हिसमधील बांधवांना हे वेगळे सांगायला नको. गाडी भंगारात काढणे एका सहीचे काम आहे. ती दहा वर्षे नीट चालवणे हे अनेक हातांचे काम आहे. सही करणाऱ्याचे नाव फायलीत राहते, हातांची कोठे नोंदही नसते.

आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक ओव्हरहॉलच्या जॉबकार्डावर प्राइमिंगचा स्वतंत्र रकाना हवा, त्यासाठी ठरलेला वेळ हवा, आणि फिटरबरोबर पर्यवेक्षकाचीही सही हवी. प्राइमिंगशिवाय इंजिन सुरू करण्यास नकार देणाऱ्या कामगारावर कारवाई होता कामा नये. गाडी बाद करताना धूर मोजा, तेलाचा दाब मोजा, देखभालीची वही तपासा.

या मागण्यांना पैसा फारसा लागत नाही. लागतो तो वेळ आणि माणसे. नेमके तेच द्यायला व्यवस्थापन तयार नसते. बंधूंनो, उद्या कोणी कोरड्या इंजिनाला ‘मार स्टार्ट’ म्हणाले तर आधी त्याच्याकडून ते लिहून घ्या!