आजी, फोन स्पीकरवर आहे का?

आपल्या होस्टेलवर रविवारच्या फोनचा एक फॉरमॅट ठरलेला आहे. आईशी दहा मिनिटं, बाबांशी दोन (पैसे हवे असतील तर चार) आणि शेवटी आजीशी वीस सेकंद. "बरी आहेस ना?" "बरी आहे रे बाळा." फोन कट! तोही बहुतेक वेळा स्पीकरवर, शेजारी घरातलं कोणीतरी उभं. एवढ्या एका रीडिंगवर सरांनी आपलं जर्नल तरी सही केलं असतं का?

मी पडलो कॉन्व्हेंटचा. 'अब्यूज'ला मराठीत 'छळ' म्हणतात एवढं माहीत होतं, आणि छळ म्हटलं की टीव्ही सिरियलमधली मारहाणच डोळ्यांसमोर येते. दुसरा शब्द आईकडून कळला: हेळसांड. हिचा आवाज होत नाही. 'नटसम्राट'मधल्या अप्पासाहेबांसारखं आपलं दुःख खणखणीत सांगणं सगळ्यांना कुठे जमतं? आमच्या सोसायटीतल्या एक आजी "मुलगा फार चांगला आहे" एवढंच म्हणायच्या. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली, कानाच्या मशीनचा सेल कधीचा संपलेला, पेन्शनचं एटीएम कार्ड मुलाच्या पाकिटात. त्यांना काही विचारलं की उत्तर मुलगा द्यायचा. लोक म्हणायचे, वयामुळे गप्प झाल्या!

घरच्यांना रोज बघून फरक कळत नाही. आपण चार-पाच महिन्यांनी जातो, आपल्याला कळू शकतो. ब्लाउज खांद्यावरून उतरतोय, नखं वाढलीत, बीपीच्या गोळ्यांची स्ट्रिप गेल्या सुट्टीत होती तीच आहे. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांच्या पाठीला जखम झालीय. कोणी खोलीत आलं की बोलणं मध्येच तुटतंय. दंडावर बोटांचे वळ आहेत. आता, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर साध्या धक्क्यानेही काळंनिळं पडतं. तेव्हा एक डाग बघून लगेच काकांवर केस ठोकू नका. पण दोन-तीन खुणा एकदम दिसल्या आणि कारण दरवेळी वेगळं सांगितलं गेलं, तर विचारा. आजी एकटी असताना विचारा.

बरेचदा यात व्हिलन कोणीच नसतो. नोकरी, स्वयंपाक आणि रात्री तीनदा उठून सासूला बाथरूमला नेणं, हे सगळं करणारी काकू पार थकलेली असते. तिला कोण विचारतं? सुट्टीत चार रात्री आपण जागलो तरी तिला झोप मिळेल. पण थकणं वेगळं आणि आजीचा अंगठा कोऱ्या कागदावर उमटवून घेणं वेगळं. त्याला 'घरातली बाब' म्हणणं मला अजिबात पटत नाही.

कायद्यालाही पटत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याप्रमाणे निर्वाहखर्चासाठी न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. सांभाळण्याच्या अटीवर मुलाच्या नावे केलेलं घर, त्याने सांभाळलं नाही तर परत मिळू शकतं. सांभाळायची जबाबदारी असताना ज्येष्ठांना कुठेतरी कायमचं सोडून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. विचारायला एल्डरलाइनचा १४५६७ हा मोफत नंबर आहे. आणि हो, या कायद्यातल्या 'अपत्य' या शब्दात सज्ञान नातवंडंही येतात. म्हणजे अख्खं होस्टेल!