‘बेंच’ शब्दाचा मान

इंग्रजी भाषेंतील ‘बेंच’ हा शब्द आपल्या तोंडीं इतका रुळला आहे कीं, त्याच्या अर्थाकडे कोणाचें सहसा लक्ष जात नाहीं. ‘चेअर’ म्हणजे एकट्याची खुर्ची; ‘बेंच’ म्हणजे अनेकांनीं मिळून बसावयाचें लांब आसन. आपला ‘बाक’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आलेला. तो आणि बाजारांतील ‘बँक’ हीं एकाच कुळांतलीं होत. इटलींतील सराफ बाकावर नाणीं मांडून व्यवहार करीत, त्यावरून बँकेस तें नांव पडलें.

न्यायालयांत ‘बेंच’ म्हणजे न्यायासन. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर येथील बेंचास आपण ‘खंडपीठ’ म्हणतों. ‘पीठ’ म्हणजेही आसनच. ‘विद्यापीठ’ शब्दांत तेंच आहे. बसण्याच्या जागेस दोन्ही भाषांनीं असा मान दिला आहे.

असें असतां शाळांतून ‘बॅकबेंचर’ हा शब्द मंद वा उनाड मुलास मारलेला शेरा होऊन बसावा, हें आम्हांस उचित वाटत नाहीं. ब्रिटिश पार्लमेंटांत मंत्री आणि विरोधी पक्षाचे पुढारी पुढील बाकांवर बसतात. बाकीचे सारे सभासद ते ‘बॅकबेंचर’. विल्यम विल्बरफोर्स यांनीं कधींही मंत्रिपद भूषविलें नाहीं. तथापि ब्रिटिशांचा गुलामांचा व्यापार बंद करणारा १८०७ चा कायदा झाला, तो मुख्यतः त्यांनीं पार्लमेंटांत सुमारें २० वर्षें धरलेल्या चिकाटीमुळें.

वर्गांत मागें कोण बसतो? बहुधा उंच मुलगा, उशिरां दाखल झालेला मुलगा, अथवा भिडस्त मुलगा. यांत मंदपणा कोठें आला? परंतु शेरा एकदां चिकटला, कीं मुलगा स्वतःसही तसाच समजूं लागतो. फळ्यावरील अक्षरें त्यास उतरून घेतां येत नसतील, तर दोष बुद्धीचा नसून दृष्टीचाही असूं शकेल. पालकांनीं मुलास बोल लावण्यापूर्वीं त्याचे डोळे तपासून घ्यावे.

शिक्षकांनीं दर आठवड्यास ओळी बदलाव्या, म्हणजे पुढचा बाक कोणाच्या मिरासीचा राहणार नाहीं. विद्यार्थ्यांनींही हा शब्द दुसऱ्यास हिणविण्याकरितां वापरूं नये, आणि अभ्यास टाळण्याची सबब म्हणून स्वतःही मिरवूं नये. बेंच पुढचा असो वा मागचा, तो एकट्याचा नसतो; सरकून शेजाऱ्यास जागा द्यावीच लागते.