तासावरच्या बाई



काही वर्षांपूर्वी महिला दिनाच्या पुरवण्यांत दिव्या गोकुलनाथ यांचं नाव हमखास भेटायचं. बंगळूरच्या या इंजिनिअर मुलीने बायजू रवींद्रन यांच्या वर्गात शिकता शिकता, त्यांच्याच सांगण्यावरून, एकविसाव्या वर्षी शिकवायला सुरुवात केली. विद्यार्थ्यांपेक्षा मोठं दिसावं म्हणून साडी नेसायची, ही आठवण त्यांचीच. पुढे दोघांचं लग्न झालं, २०११ मध्ये कंपनी आली, २०१५ मध्ये ॲप. २०२२ मध्ये कंपनीची किंमत २२ अब्ज डॉलर धरली गेली. शिकवायचं बाईने आणि मालकी पुरुषाची, ही जुनी वाटणी इथे मोडली, म्हणून खरं सांगते, मलाही कौतुक वाटायचं.

ऑगस्ट २०२० मध्ये या कंपनीने व्हाइटहॅट ज्युनिअर ही मुंबईची कंपनी ३० कोटी डॉलरना घेतली. तिथे मुलांना कोडिंग शिकवायला फक्त बायका, त्याही हजारोंनी. घर सांभाळून कमाई, असं त्याचंही कौतुक झालं. (घर कोण सांभाळणार, हे कुणी विचारलंच नाही.)

आमच्या केंद्रात अशीच एक शिक्षिका आली होती, दुसऱ्या एका कंपनीत शिकवणारी. एम.एस्सी. झालेली, सातवा महिना. पैसे तासावर. पालकांनी आयत्या वेळी तास रद्द केला की पैसे नाहीत. तिने बाळंतपणाच्या रजेचं विचारलं तर उत्तर आलं, 'तुम्ही आमच्या कर्मचारी नाही, करार बघा.' २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, पण ती कर्मचारी असलेल्या बाईला. ही कागदोपत्री स्वतंत्र व्यावसायिक! वेळापत्रक कंपनीचं, धडे कंपनीचे, बाई तेवढी स्वतंत्र.

मला सोलापूरच्या विडी कामगार बायका आठवल्या. त्याही घरीच बसून वळतात, मजुरी हजार विड्यांवर. पण १९६६ च्या कायद्याने घरी विड्या वळणाऱ्या बाईला कामगार मानलं, आणि त्या आधारावर त्या भांडू शकल्या. घरखेप कामाचा १७७ क्रमांकाचा आंतरराष्ट्रीय करार १९९६ चा. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. लॅपटॉपसमोर बसणारी आपली शिक्षिका विडीवालीच्याही मागे आहे, आणि तिला ते माहीत नाही, कारण तिला कुणी कामगार म्हटलेलंच आवडत नाही. ही आपलीही अडचण आहे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये बायजूजने अडीच हजार माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. त्याच महिन्यात तिरुवनंतपुरमच्या कर्मचाऱ्यांना राजीनामे द्यायला सांगितल्याची तक्रार झाली. ते संघटनेमार्फत कामगारमंत्र्यांकडे गेले आणि तिथलं ऑफिस बंद करण्याचा निर्णय कंपनीला मागे घ्यावा लागला. जुलै २०२४ मध्ये तर कंपनीवर दिवाळखोरीच्या कारवाईचा आदेश निघाला. काय चुकलं ते न्यायालयं बघतील. पुरवण्यांतून मात्र दिव्याबाई दिसेनाशा झाल्या. त्यांच्या यशाला आपण बायकांचं यश म्हटलं होतं, तेव्हा तासावरच्या बाईंचा करार मागून वाचायला हवा होता. मीही वाचला नव्हता.

त्या शिक्षिकेला मुलगी झाली. तिच्या कराराच्या प्रती काढून ठेवल्या आहेत. पुढच्या बैठकीला ती तान्ह्या लेकीला घेऊन येणार आहे. तुमच्या वस्तीत, इमारतीत अशी कुणी शिकवत असेल तर तिला सोबत आणा, तिचा करारही आणा.