मॉडेलमधल्या माणसाची चरबी

पेट्रोलची वाफ शरीरात कुठे आणि किती वेळ मुक्काम करते, हे सांगणारी गणिती मॉडेल आपल्या क्षेत्राला नवी नाहीत. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाच्या डेनिसन, अँडरसन आणि यांग यांनी २००३ मध्ये उंदरांसाठी केलेलं मॉडेल अजून वाचण्यासारखं आहे. बेन्झीन, टोल्युईन, एथिलबेन्झीन, ऑर्थो-झायलीन आणि एन-हेक्झेन यांचा हिशेब वेगवेगळा ठेवायचा, उरलेले सगळे हायड्रोकार्बन मिळून एकच पदार्थ धरायचा आणि या सर्वांची यकृतातली चढाओढ समीकरणात मांडायची, अशी ती युक्ती.

ही चढाओढ आपल्या परिसंवादांची फार लाडकी. पण नोझल हातात धरलेल्या माणसाच्या श्वासात वाफेचं प्रमाण एवढं कमी असतं की यकृतातल्या विकरांवर गर्दी होतच नाही. टाकीत उतरून सफाई करणाऱ्याची गोष्ट निराळी. पंपावर निकाल लागतो तो श्वासाचा वेग, रक्ताचा प्रवाह आणि चरबी यांवर. नेमके हेच आकडे आपण परक्या, सत्तर किलोंच्या 'प्रमाण पुरुषा'कडून उसने घेतो.

अक्कलकोटचंच घ्या. स्वामी समर्थांची पुण्यतिथी चैत्र वद्य त्रयोदशीला, म्हणजे ऐन उन्हाळ्यात. पारा चाळिशीच्या आसपास, गाड्यांची रीघ, आणि पंपावरचा मुलगा दिवसभर उभा. पाकणीच्या डेपोतून टँकर आला की झाकण उघडून डिप घ्यायला तो टाकीच्या तोंडावर ओणवा होतो. आठ तासांच्या सरासरीत ते चार श्वास कुठल्या कुठे बुडून जातात. मॉडेलला मात्र तेच हवे असतात.

आता चरबी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचं छायाचित्र २००४ च्या 'लॅन्सेट'मध्ये आलं होतं. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३, चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. मधुमेहवाल्यांनी ते चित्र डोक्यावर घेतलं, आपण पाहिलंच नाही. चरबीला हृदयातून निघालेल्या रक्ताचा जेमतेम विसावा हिस्सा मिळतो. त्यामुळे बेन्झीन तिथे सावकाश साठतं आणि सुट्टीच्या वेळी सावकाश परत रक्तात उतरतं. रोज पाळी करणाऱ्या, दिसायला किडकिडीत मुलाचं रक्त सकाळी कामावर येताना खरोखर स्वच्छ असतं का, याचं उत्तर उसन्या चरबीवर चालणारं मॉडेल देऊ शकत नाही.

तेव्हा पाळी संपताना लघवीचा नमुना घ्याल, तेव्हा त्वचेच्या घडीची जाडीही मोजा. टँकर किती वाजता आला ते लिहून ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी पाळीआधी उच्छ्वासाचा नमुना घ्या. बेन्झीनची खूण म्हणून लघवीतल्या म्युकॉनिक आम्लावर विसंबू नका. खाद्यपदार्थांतल्या सॉर्बेटमुळेही ते वाढतं, म्हणून एस-फिनाइलमरकॅप्ट्युरिक आम्लच मागा. क्रिएटिनिनच्या दुरुस्तीबाबतही सावध राहा. उन्हाने लघवी घट्ट होते, म्हणून ही दुरुस्ती टाळता येत नाही. पण स्नायू कमी असलेल्या माणसात क्रिएटिनिनच कमी असतं आणि दर ग्रॅममागचा आकडा फुगतो. अशा माणसांचे नमुने अहवालात स्वतंत्र रकान्यात द्यावेत, सरासरीत मिसळू नयेत.