नव्या प्राध्यापकांच्या यादीत आपली लेक



आमच्या या सदराकडे दर आठवड्याला येणाऱ्या बातम्या ठरलेल्या असतात. मंगल परिणय, नामकरण विधी, पुण्यानुमोदन, कुणाची बढती, कुणाचा गृहप्रवेश. कचेरीतून सुटल्यावर आम्ही त्या चोपडीत उतरवून घेतो आणि जागेच्या मानाने दोन-दोन ओळींत बसवतो. गेल्या रविवारी आलेली एक बातमी मात्र दोन ओळींत बसेना. म्हणून आजचे सदर तिलाच दिले आहे.

बातमी घेऊन आले ते आमच्या मंगळवेढ्यातलेच एक निवृत्त एस.टी. कंडक्टर. वयाने वडील, म्हणून आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. "भाऊसाहेब, लेकीचं काम झालं. लॉ कॉलेजात प्राध्यापक म्हणून घेतली तिला. पण कॉलेज मिशनचं हाय, कॅथलिक फादर लोकांचं, तिकडं बंगळूरला. पेपरात छापायचं का न्हाई, तुमीच सांगा." असे म्हणून त्यांनी मोबाईल आमच्या हाती दिला. त्यात लेकीचे नेमणूकपत्र होते आणि कॉलेजचे चार पानी पत्रक.

ही मुलगी आम्ही लहानपणापासून पाहिली आहे. सोलापूरला एस.टी.ने ये-जा करून तिने एलएल.बी. केले, पुढे एलएल.एम. केले, नेटही पास झाली. त्यानंतर चार वर्षे एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवले. तासिका म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात भोगले त्यांनाच ठाऊक. जेवढे तास, तेवढा पैसा. सुटीत काही नाही आणि जूनमध्ये पुन्हा नव्याने मुलाखत. अण्णांच्या पेन्शनवर प्राध्यापक लेकीचे घरभाडे चालत होते. त्यामुळे हे काम झाल्याचा आनंद केवढा, हे सांगायला नको.

पत्रक आम्ही दोनदा वाचले. पहिल्या पानावर प्राचार्य फादरांच्या बदलीची बातमी. मग ग्रंथपालांचा निरोप समारंभ, एका प्राध्यापिकेस मिळालेली पीएच.डी., न्यायाधीश झालेल्या माजी विद्यार्थ्याचा सत्कार, कार्यालयातील शिपायाच्या मुलीचे लग्न. शेवटी नव्या प्राध्यापकांची यादी. म्हणजे आमच्या चोपडीसारखीच चोपडी! फरक एवढाच, की फादरांच्या बदल्या त्यांच्या संघाचे वरिष्ठ करतात. त्यांनी सांगितले की फादर पेटी उचलून दुसऱ्या गावी जातात. संसारी प्राध्यापकाची नेमणूक मात्र व्यवस्थापन करते, आणि त्याला काढायचे झाले तर तेही व्यवस्थापनच करते.

यादीत पाच नावे होती. आडनावावरून माणूस ओळखण्याची खोड या देशाने आपल्याला लावली आहे. आम्हीही आधी आडनावेच वाचली, खोटे कशाला बोला? पाचवे आपल्या लेकीचे.

कुणी म्हणेल, एक प्राध्यापिका नेमली गेली, यात समाजाची बातमी कसली? त्यांनी थोडे मागे जावे. 1918 च्या नोव्हेंबरात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचा एक नवा प्राध्यापक आला, तोही तात्पुरत्या जागेवर. विद्यार्थी त्यांच्या तासाला गर्दी करीत आणि प्राध्यापकांच्या खोलीत काही सहकारी त्यांनी माठातले पाणी घेण्यास हरकत घेत. ते प्राध्यापक म्हणजे बाबासाहेब. आम्ही बी.कॉम.वाले, कॉमर्सच्या शिक्षणाचे नाव निघाले की आम्हांस आधी तो माठ आठवतो. पुढे 1925 पासून बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत त्यांनी व्यापारी कायदा शिकवला. 1928 साली ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात प्राध्यापक झाले आणि 1935 च्या जूनमध्ये त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य. माता रमाई जाऊन तेव्हा आठवडाही लोटला नव्हता. येवल्याची घोषणा 13 ऑक्टोबर 1935 ची. म्हणजे ती करणारा मनुष्य सरकारी लॉ कॉलेजचा प्राचार्य होता, हे आपण भाषणांत विसरतो. 1938 साली त्यांनी ते पद सोडले. 1956 मध्ये मुंबईत सिद्धार्थ विधी महाविद्यालय सुरू झाले ते त्यांनीच स्थापलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे. ज्या गावाचे कुसू बांधताना चोखोबा गाडला गेला, त्या मंगळवेढ्याची लेक आज कायदा शिकवायला उभी राहते, ही आमच्या लेखी पहिल्या पानाची बातमी आहे.

आता अण्णांच्या घरच्या शंका. आक्कांनी विचारले, "तिथं गळ्यात क्रूस घालावा लागतो का?" आम्ही म्हटले, नाही. अशा कॉलेजांत कितीतरी प्राध्यापक ख्रिस्ती नसतात, आणि सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत जाणाऱ्यावर तेथील प्रार्थनेची सक्ती करता येत नाही, हे घटनेच्या 28 व्या कलमातच आहे. आक्कांचे समाधान झाले. अण्णांची शंका अधिक खोल होती. "उद्या काढलं तर?"

यावर आम्ही त्यांना अहमदाबादची गोष्ट सांगितली. तेथील सेंट झेवियर्स कॉलेज जेझुइट फादरांचे. गुजरात सरकारने विद्यापीठाच्या कायद्यात दुरुस्ती केली, की कुलगुरूंच्या संमतीवाचून प्राध्यापकाला काढता येणार नाही. वरून पाहता प्राध्यापकाच्या भल्याचीच गोष्ट. पण फादर लोक न्यायालयात गेले. घटनेच्या 30 व्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा व चालवण्याचा हक्क दिला आहे, कुलगुरूंचा असा हात त्यात चालणार नाही, असे त्यांचे म्हणणे. सर्वोच्च न्यायालयात नऊ न्यायाधीश बसले आणि 1974 साली बहुमताने निकाल फादरांच्या बाजूने लागला. पुढे 1986 मध्ये दिल्लीच्या फ्रँक अँथनी शाळेच्या निकालाने अशा संस्थांतील नोकरांना वेतनाचे व सेवाशर्तींचे संरक्षण काही अंशी परत मिळाले. 2002 च्या टी.एम.ए. पै निकालात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने शिक्षकांच्या तक्रारींसाठी न्यायाधिकरण असावे असे सांगितले. म्हणजे दार अगदीच बंद नाही. पण तेथे आरक्षणाची पायरी नाही, हे पक्के ध्यानात ठेवावे. प्रवेशातील आरक्षणाच्या 15(5) या कलमातून 2005 च्या 93 व्या घटनादुरुस्तीनेच अल्पसंख्याक संस्था वगळल्या आहेत, आणि यू.जी.सी.चे प्राध्यापक भरतीतील आरक्षणाचे नियमही त्यांना लागू नाहीत. आपली लेक त्या यादीत आली ती केवळ स्वतःच्या गुणांवर व निवडणाऱ्यांच्या मर्जीवर.

हे ऐकून अण्णांच्या शेजारी बसलेला एक तरुण कार्यकर्ता तापला. "मग हे कलमच काढून टाकाया पायजे." आम्ही त्याला थांबवले. 1992 च्या अल्पसंख्याक आयोगाच्या कायद्याखाली 1993 साली जे समाज अल्पसंख्याक म्हणून जाहीर झाले, त्यांत बौद्धही आहेत. म्हणजे जे 30 वे कलम फादरांच्या हाती आहे ते आपल्याही हाती आहे. फादरांनी त्याच्या बळावर कॉलेजे उभी केली. आपण आपल्या संस्थांच्या वार्षिक सभेत खुर्च्या फेकल्या. (हे वाक्य छापू नका, असे घरातून सांगण्यात आले होते.)

आणखी एक गोष्ट त्या तरुणाला ठाऊक नव्हती. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये आपल्याला त्या मिळाल्या. चर्चमध्ये गेलेल्या आपल्या भावकीला त्या मिळाल्या नाहीत. ते चर्चलाच विचारत आले आहेत, की तुमच्या कॉलेजांत आमचे प्राध्यापक किती? 2016 साली कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलितांविषयीचे धोरण प्रसिद्ध केले आणि चर्चच्या आतही अस्पृश्यता आहे हे त्यात मान्य केले. तेव्हा ती यादी आडनावे शोधत वाचणारे एकटे आम्हीच नसणार.

अण्णांना आम्ही एवढेच सांगितले, की लेकीला जाऊ द्या. पण नेमणूकपत्राची ओळ न् ओळ वाचायला सांगा. परिवीक्षेचा काळ किती, वेतनश्रेणी लिहिली आहे की नुसती ठोक रक्कम, काढायचे झाल्यास किती महिन्यांची नोटीस, चौकशी कोण करणार. मूळ प्रमाणपत्रे जमा करू नयेत, साक्षांकित प्रती द्याव्यात. पत्राची एक प्रत मंगळवेढ्याच्या घरी ठेवावी. अण्णा हसले. म्हणाले, "भाऊसाहेब, कायदा तिनं शिकलाय का तुमी?" आम्ही कारकून माणूस, कायद्यापेक्षा कागद आम्हांस अधिक कळतो.

लेक गुरुवारी सोलापूरहून रात्रीच्या गाडीने गेली. शनिवारी तिचा फोन आला. पहिल्या तासाला तिने घटनेचे 17 वे कलम घेतले म्हणे. प्राध्यापकांच्या खोलीत पाण्याचे मशीन आहे, ज्याचा त्याने पेला भरून घ्यायचा.

बातमी पुढीलप्रमाणे छापण्याचे अण्णांशी ठरले आहे: "मंगळवेढा येथील निवृत्त एस.टी. वाहकांच्या सुकन्येची विधी महाविद्यालयात सहायक प्राध्यापकपदी निवड. सर्वत्र अभिनंदन." तिचे व कॉलेजचे नाव परिवीक्षा संपेपर्यंत देऊ नये, ही तिचीच सूचना आहे. ती आम्ही पाळली आहे.